फूआनचे नऊ कौल

को यीचन हिला कामाचा कंटाळा कधीच नव्हता, पण कामाचं अप्रूपही नव्हतं. तैपेईच्या एका कंपनीसाठी ती दवाखान्यांच्या रांगांचं सॉफ्टवेअर लिहायची. कितव्या नंबरचा पेशंट आत गेला, कितवा बाहेर बसलाय, कोण नंबर टाकून चहा प्यायला पळाला, याचा हिशेब तिचा प्रोग्राम ठेवायचा. चौदा वर्षं हेच. पैकी शेवटची तीन वर्षं ती बुदाय या किनाऱ्यावरच्या गावी, बापाच्या घराच्या माडीवर बसून काम करत होती. खाली आई कालवं फोडायची, वर मुलगी कीबोर्ड बडवायची, आणि दोघींच्या आवाजात फार फरक नव्हता.

तिचा जीव रमायचा तो रिकाम्या चौकशांत. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी ही बाई शनिवारी दुपारी कशालाही मोजपट्टी लावायची. गल्लीत संगीत वाजवत येणारी कचरागाडी बुधवारीच चार मिनिटं उशिरा का येते? दोन महिने घड्याळ लावून तिने छडा लावला: बुधवारी बंदरावरची चहावाली ड्रायव्हरच्या चहात साबुदाण्याच्या गोळ्या फुकट घालते आणि तो तिथेच उभा राहून चघळतो. हा शोध लागला त्या दिवशी ती इतकी खूश झाली की जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आली.

"आई, चहावाली! चहावालीमुळे!"

आई सुरी न थांबवता म्हणाली, "अडतीस वर्षांची घोडी झालीस. तुझ्या वयात मी तुला शाळेत पोचवून तीन टोपल्या कालवं फोडत होते. तुला कचऱ्याचं कौतुक."

"कंपनी ज्याचे पैसे देते ते काम, आई. हे माझं आहे."

यीचनचं म्हणणं खरंच एवढंच होतं. कोणीतरी विचारतं म्हणून ज्याचं उत्तर शोधायचं ते काम. कोणीच विचारलेलं नसताना ज्याच्यामागे झोप उडते ते आपलं. मला विचाराल तर अशी माणसं गावात एकदोनच असावीत, जास्त झाली तर कोणाचंच गुपित राहायचं नाही.

याच नादात एकदा तिने कौलाचे ठोकळे मोजायला घेतले. गल्लीच्या वांगये देवाला काहीही विचारायचं तर अर्धचंद्राच्या आकाराचे दोन लाकडी ठोकळे जमिनीवर टाकतात. प्रत्येकाची एक बाजू सपाट, एक फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर वर आलं की देवाचा होकार. दोन्ही फुगीर वर, म्हणजे नकार. दोन्ही सपाट वर, म्हणजे देव हसतोय: प्रश्न तरी वेडा आहे, नाहीतर विचारणारा. यीचनने बाजारातून एक जोडी आणली आणि महिनाभर रोज संध्याकाळी माडीवर टाकली. दोन हजार वेळा. खालून आई झाडूच्या दांड्याने छत ठोकायची. निघालं काय? शंभरात एक्कावन्न वेळा होकार. म्हणजे जवळजवळ छापा-काटा.

तिने हे बापाला सांगितलं. को थियनलाय चौऱ्याहत्तर वर्षांचा, कालवांच्या तराफ्यावर उन्हात भाजून काळा ठिक्कर पडलेला म्हातारा. त्याने जेवता जेवता मान डोलावली.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "निम्म्या वेळा लोक बरोबर प्रश्न विचारतात."

या म्हाताऱ्याच्या मनात चाळीस वर्षं एकच गोष्ट होती. दरवर्षी वांगयेच्या उत्सवाआधी गल्लीतल्या एका घराला देवाचा यजमान निवडतात. देवाचं धूपदान वर्षभर त्या घरात राहतं, आणि धूपदान म्हणजे देवच. निवड देव करतो: प्रत्येक घराचं नाव वाचायचं आणि होकार तुटेपर्यंत कौल टाकत राहायचं. ज्याला लागोपाठ सगळ्यांत जास्त होकार, तो यजमान. थियनलायला चाळीस वर्षांत चारच्या वर कधी मिळाले नव्हते. त्याचा बालमित्र श्याओ युंगफा, हाही कालवंवालाच, त्याला भर बाजारात चिडवायचा, "थियनलाय, देवाला तुझ्या घराचा वास सोसत नाही रे! आधी ती टरफलं उचल!" थियनलाय हसायचा. पण दर वर्षी उत्सवाच्या आदल्या आठवड्यात तो देवघराची भिंत नव्याने रंगवायचा आणि धूपदानासाठी टेबलाची मधली जागा रिकामी ठेवायचा, हे यीचन लहानपणापासून बघत आली होती.

मागच्या वर्षी यजमान निवडताना घोटाळा झाला. लाल कागदावरच्या यादीची दोन पानं चिकटली आणि अकरा घरं वाचलीच गेली नाहीत. मग जी हमरीतुमरी झाली ती विचारू नका. देवळाचे प्रमुख होंग यांचे केस त्या एका दुपारी पांढरे झाले असं ते स्वतःच सांगतात. या वर्षी ते सरळ यीचनच्या माडीवर आले.

"पोरी, दवाखान्याची रांग लावतेस ना? आमच्या देवाची लाव."

यीचनने अक्षरशः उडी मारली. सहा शनिवार-रविवार ती जेवणसुद्धा कामाच्या टेबलावर आणून घ्यायची. मोठ्या पडद्यावर घराचा नंबर, कर्त्याचं नाव, होकार पडला की एक लाल दिवा, तुटला की नाव खाली आणि आकडा बाजूला. कंपनीत अशा कामाला तिने तीन महिने मागितले असते. इथे पैसे कोणी देणार नव्हतं, म्हणून सहा आठवड्यांत झालं.

प्रोग्राम चालतो का हे बघायला खोटी नावं घालावीच लागतात. तिने 'चाचणी एक', 'चाचणी दोन' अशी वीसेक घातली. आणि आडनावासकट नाव पडद्यावर नीट उमटतं का बघायला आणखी एक घातलं: को फूआन. हे त्यांच्या कुत्र्याचं नाव. त्याची कथा अशी, की यीचनच्या जन्माआधी थियनलायने मुलाचं नाव ठरवून ठेवलं होतं. मुलगी झाली, मग दुसरं मूल झालंच नाही, आणि नाव तसंच कोरं पडून राहिलं. सात वर्षांपूर्वी तराफ्यावर एक काळं पिल्लू सापडलं तेव्हा म्हातारा म्हणाला, "चांगलं नाव आहे, वाया कशाला घालवा." गल्ली त्याला काळू म्हणायची. फूआन हे फक्त घरात.

शेवटच्या दिवशी यीचनने 'चाचणी'ने सुरू होणारी सगळी नावं एका फटक्यात पुसली. फूआन माणसासारखा दिसत होता, तो राहिला. गल्लीत घरं दोनशे अठ्ठ्याऐंशी. यादीत नावं दोनशे एकोणनव्वद. जिने कचरागाडीची मिनिटं मोजली, तिने यादी मात्र मोजली नाही. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

निवडीच्या दिवशी सकाळपासून देवळापुढचं अंगण भरलं. लोकांनी प्लास्टिकची स्टुलं आणली, भुईमुगाच्या शेंगा आणल्या, म्हाताऱ्यांनी टोप्या घातल्या. यीचन मांडवाखाली लॅपटॉप घेऊन बसली. पडदा लागला, पहिलं नाव मोठ्या लाल अक्षरांत उमटलं, आणि सगळ्या अंगणातून "ओ हो!" असा आवाज आला. चौदा वर्षांत तिच्या कुठल्या कामाला कोणी "ओ हो" म्हटलं नव्हतं. तिचे कान तापले.

होंग नाव वाचायचे, देवाला वाकायचे, ठोकळे टाकायचे. टक्. होकार. टक्. नकार. पुढचं घर. बहुतेक घरं शून्यावर नाहीतर एकावर संपत होती आणि लोक एकमेकांना टपल्या मारत होते. श्याओ युंगफाचं नाव आलं आणि त्याला सात मिळाले! सात! म्हातारा स्टुलावर चढून उभा राहिला, बायकोने शर्ट धरून खाली ओढला.

"बघितलंस थियनलाय? माझ्या घराला वास नाही!"

"अजून नावं आहेत," थियनलाय म्हणाला.

दोनशे चाळीसावं घर, को थियनलाय. एक होकार. दोन. तीन. चार. इथवर तो याआधी आलेला होता. पाच पडला तेव्हा यीचनच्या हातातला माऊस घामाने निसटला. सहा. सात. अंगणात शेंगा फोडायचा आवाज थांबला. दोनशे अठ्ठ्याऐंशी घरांत एखाद्याला आठ मिळणं यात चमत्कार काही नाही, हे तिला ठाऊक होतं, तिने स्वतः मोजलेलं होतं. आकडा माहीत असला की थरार कमी होतो असं म्हणणाऱ्यांनी त्या क्षणी तिच्या छातीवर हात ठेवून बघायला हवा होता. टक्. आठ! नवव्याला तुटला, पण कोणाला पर्वा होती? आई टाळ्या वाजवत होती. थियनलाय मात्र मुठी मांड्यांवर ठेवून तसाच बसून राहिला, जणू हलला तर आकडा सांडेल.

पुढची अठ्ठेचाळीस घरं यीचनने श्वास रोखून काढली. दोन, शून्य, तीन, शून्य. शेवटचं घर संपलं. लोक उठू लागले. आणि पडद्यावर आणखी एक नाव उमटलं, घराच्या नंबराशिवाय, म्हणून सगळ्यांच्या शेवटी.

को फूआन.

यीचन ताडकन उठली. तिने बटणाकडे हात नेला, पण होंग तोवर वाचूनही मोकळे झाले होते, वाकलेही होते, आणि टाकलेसुद्धा. होकार. होकार. लोक पुन्हा बसले. पाच. सहा. "कोण हा फूआन?" "थियनलायचा कोणी नातेवाईक असेल." आठ. बरोबरी. टक्.

नऊ.

दहाव्याला तुटला. अंगणात एकच कल्लोळ. होंग पडद्याकडे डोळे बारीक करून बघत होते.

"थियनलाय, हा फूआन कोण रे? तुमच्यातलाच ना?"

यीचनने बापाकडे बघितलं. बापाने तिच्याकडे. घरच्या तिघांनाच माहीत होतं. देवळाच्या भिंतीवर नियम रंगवलेला होता, तिच्या डोक्यावरच: एका घराचं एकच नाव, दोन निघाली तर दोन्ही बाद. पुतण्या आहे, वेगळं बिऱ्हाड आहे, त्याच्या वतीने मी ठेवतो, एवढं म्हटलं की धूपदान घरी येणार होतं. थियनलायचे ओठ उघडले.

कंपनीत काही बिघडलं की सगळे लिहितात, "तपास सुरू आहे." मी केलं असं चौदा वर्षांत कोणी लिहिलेलं नव्हतं, यीचननेही नाही. पण तिने होंगच्या हातातला माईक घेतला.

"माझी चूक झाली," ती म्हणाली. आवाज इतका मोठा झाला की तीच दचकली. "फूआन आमचा कुत्रा आहे. काळू. प्रोग्राम तपासायला नाव घातलं होतं, काढायचं राहिलं."

क्षणभर कोणालाच कळेना. मग असं हसू फुटलं की मांडव हलला. देवाने काळूला निवडलं! एक बाई डोळे पुसत खाली बसली. पण श्याओ युंगफा हसत नव्हता.

"म्हणजे एका घराला दोन नावं," तो म्हणाला. "माणूस एक, कुत्रा एक. आम्हाला एकदाच कौल लावायचा, यांना दोनदा. भिंतीवर काय लिहिलंय वाचा."

"अरे युंगफा, कुत्रा तो!" कोणीतरी ओरडलं.

"मग माझ्या कोंबड्यांची नावंही घाला पुढच्या वर्षी!"

भांडण पेटायच्या आत होंगनी हात वर केला. "देवालाच विचारू." त्यांनी ठोकळे कपाळाला लावले. "देवा, कुत्र्याचं नाव चुकून आलं. ते काढावं आणि थियनलायचे आठही बाद करावेत का?"

टक्. दोन्ही सपाट. देव हसला.

पुन्हा विचारलं. पुन्हा दोन्ही सपाट. होंगनी तिसऱ्यांदा विचारलं. पुन्हा तेच. देव तीनदा हसला होता! असं गल्लीत कोणाच्या आठवणीत झालं नव्हतं. लोक उड्या मारू लागले. "देव खूश आहे! असू दे म्हणतोय! धूपदान थियनलायला द्या!" होंगसुद्धा मान डोलावू लागले होते, श्याओ परत स्टुलावर बसला होता, आणि थियनलाय हळूहळू स्टुलावरून उठत होता.

तेवढ्यात यीचनच्या डोक्यात उजेड पडला. चहावालीचा छडा लागला तेव्हा पडला होता तसाच, आणि नेहमीसारखंच तोंड मनाच्या आधी धावलं.

"होंग काका, तुम्ही दोन प्रश्न एकत्र विचारताय! कुत्र्याला काढायचं का, हा एक. बाबांचे आठ बाद का, हा दुसरा. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही असेल तर देव उत्तर देणार कसं? म्हणून हसतोय! वेगवेगळे विचारा!"

बरोबर होतं. इतकं बरोबर होतं की कोणाला खोडता येईना. आणि मग, शेवटचा शब्द तोंडातून सुटल्यावर, आपण काय केलं ते तिला कळलं. हातात आलेलं धूपदान तिने स्वतःच्या जिभेने बापाच्या हातून काढलं होतं. आईने कपाळावर हात मारलेला तिला दिसला.

होंगनी पहिला प्रश्न विचारला. फूआनचं नाव काढायचं का? एक सपाट, एक फुगीर. होकार. कुत्रा सुटला.

दुसऱ्या प्रश्नासाठी त्यांनी ठोकळे उचलले, पण टाकवेनात. थियनलाय पुढे आला.

"द्या इकडे. माझा प्रश्न मी विचारतो."

त्याने नाव, घराचा नंबर, जन्मतारीख, सगळं नीट सांगितलं. मग म्हणाला, "माझे आठ बाद करायचे का?" आणि टाकले.

एक सपाट. एक फुगीर. स्वच्छ होकार.

सातवाला श्याओ यजमान झाला. ढोल वाजले, फटाके लागले, लोकांनी त्याला लाल पट्टा घातला. ज्याने आत्ताच एवढा आरडाओरडा केला होता तो म्हातारा पट्ट्याचं टोक चाचपत बावळटासारखा उभा होता. यीचनने लॅपटॉप बंद केला. पडदा गुंडाळायला चार पोरं धावली, "ताई, भारी होतं!" म्हणाली, तिला ऐकूही आलं नाही. ती देवळाच्या मागे, टरफलांच्या ढिगाशी जाऊन उभी राहिली आणि रडली. लहान मुलासारखी, नाक पुसत.

थियनलाय तिला शोधत आला. तिच्या शेजारी उभा राहिला.

"बाबा, मला गप्प बसता येत नाही," ती म्हणाली. "एकदा नाही, दोनदा. तुम्हाला मिळालं होतं. लोक देत होते."

"होय."

"रागवा ना मग!"

"तू माईक ओढलास तेव्हा माझं तोंड उघडलं होतं. बघितलंस?"

"हो."

"काय म्हणणार होतो, ठाऊक आहे?" म्हातारा टरफलांकडे बघत म्हणाला. "पुतण्या म्हणणार होतो. काओश्युंगला गोदीत कामाला आहे, गेल्या वर्षी लग्न झालं. बायकोचं नावसुद्धा तयार होतं, चन. इतक्या पटकन कुठून आलं कोण जाणे."

यीचनचं रडं थांबलं. ती त्याच्याकडे बघतच राहिली. हा माणूस बाजारात कालवांचं वजनसुद्धा एक गुंज जास्त टाकायचा.

"वर्षभर देव आपल्या घरात बसला असता," तो म्हणाला. "रोज पहाटे उदबत्ती लावायला मीच गेलो असतो. तीनशे पासष्ट पहाटे. तू हिशेबवाली आहेस, तूच सांग, त्यातली एक तरी मला त्याच्याकडे वर मान करून काढता आली असती का?"

पुढच्या अंगणातून श्याओची हाक आली. जुनं पितळेचं धूपदान. त्याला एकट्याला उचलवत नव्हतं, आणि आपल्या मुलांना तो हात लावू देत नव्हता.

"थियनलाय! कुठे मेलास? दुसरा कान धर!"

"आलो रे!" थियनलाय ओरडला, सदऱ्याला हात पुसले आणि जवळजवळ पळतच गेला.